पडद्यावरची करामत आणि झाडीपट्टीची रात्र

१/ स्पेशल इफेक्ट्समुळे चित्रपट चांगला होतो का? मोठ्या बजेटचा चित्रपट आला की हा वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, ‘असे दृश्य आपल्याकडे कधी पाहिलेच नव्हते’. दुसरी म्हणते, ‘कथा नाही, नुसता झगमगाट’. हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. महाराष्ट्रात त्याला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा चित्रपटगृहापासून दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सापडतो. हा थ्रेड त्या धाग्याचा.

२/ धानाची कापणी होते, दिवाळी सरते आणि पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हा पट्टा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. झाडी म्हणजे जंगल. त्या जंगलाच्या कुशीतली ही धानाची गावे. इथली बोली झाडीबोली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर तो चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता.

३/ मंडईपासून थेट होळीपर्यंत या भागात गावोगाव नाटके होतात. लेकी माहेरी येतात, पाहुणेरावळे जमतात, कुठे शंकरपट भरतो. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. नाटक कंपन्या तिथे आहेत. गावचे मंडळ वडशाला जाते, नाटक ठरवते आणि तारीख पक्की करून परतते. या रंगभूमीचे मूळ दंडार या लोकनाट्यात सांगितले जाते. पुढे तिच्यात संगीत नाटकाचे संस्कार मिसळले.

४/ मंचावर काय असते? रंगवलेले पडदे, विंगा, रंगीत दिवे, वरून टांगलेले माइक, ऑर्गन-तबल्याची साथ आणि आडोशाला प्रॉम्प्टर. राजवाडा हवा असेल तर राजवाड्याचा पडदा, झोपडी हवी असेल तर झोपडीचा. समोरच्या अनेकांच्या खिशातल्या मोबाइलवर जगातला कुठलाही भव्य चित्रपट पाहता येतो. तरीही ही माणसे तिकीट काढतात, थंडीत अंगावर पांघरूण घेऊन बसतात आणि नायिकेच्या दुःखाने डोळे पुसतात.

५/ याला केवळ परंपरेचे प्रेम म्हणून भागत नाही. या नाटकांवर कलावंतांची, वादकांची, पडदे आणि मंच लावणाऱ्यांची घरे चालतात. परंपरेपोटी कोणी दरवर्षी पैसे मोजत नाही. दृश्य जितके हुबेहूब तितकी कलाकृती श्रेष्ठ, असा नियम असता तर ही रंगभूमी सिनेमा आल्यावर, निदान टीव्ही आल्यावर तरी संपायला हवी होती. ती का संपली नाही, हे समजून घेण्यासाठी पडद्यावरच्या करामतीच्या जन्माकडे जावे लागते.

६/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ करीत. काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडदा, आणि त्या पडद्यावर हलतात-चालतात असे वाटणारी पुराणातली पात्रे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा आला, तेव्हा प्रकाशाने रंगवलेला भास मराठी प्रेक्षकाला अगदीच अनोळखी नव्हता.

७/ त्याच वर्षी फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार कॅमेऱ्याकडे वळला. त्यानेच सांगितलेल्या हकिकतीनुसार पॅरिसच्या रस्त्यावर चित्रीकरण करताना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला. फिल्म धुतल्यावर पाहतो तो बसगाडीच्या जागी शववाहिका उभी! कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची युक्ती त्याने पुढे शेकडो लघुपटांत वापरली. १९०२ मध्ये त्याने प्रेक्षकाला चंद्रावर नेले. सिनेमातल्या ट्रिकचा पाया असा एका जादूगाराने घातला.

८/ आपल्याकडेही जादूगारच होता. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या. जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी त्यांनी आपले आडनाव उलटे केले आणि ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. चित्रपटाकडे येण्यापूर्वीच प्रेक्षकाची नजर कशी वळवावी, हे त्यांना ठाऊक होते.

९/ फाळक्यांची पहिली करामत मात्र फसवणुकीची नव्हती. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोज थोडा थोडा चालवून त्याची वाढ टिपली. पडद्यावर काही मिनिटांत बी फुटले, अंकुर वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट दाखवून त्यांनी भांडवल देणाऱ्याचे मन वळवले. भारतीय कथापटाचा पैसा एका स्पेशल इफेक्टने उभा केला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

१०/ या वाटाण्यापाशी थोडे थांबायला हवे. रोप वाढताना माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून कॅमेऱ्याने काळ आवळला. म्हणजे इथे करामतीने खोटे काहीच दाखवले नाही. जे खरे होते पण दिसत नव्हते, ते दाखवले. स्पेशल इफेक्ट म्हणजे खोटेपणा, अशी सरसकट तक्रार करणाऱ्यांनी हा पहिलाच दाखला लक्षात घ्यायला हवा.

११/ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुती उडाला, लंका पेटली, आणि राम पडद्यावर येताच प्रेक्षकांनी पायताणे काढून ठेवल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. ट्रिक नसती तर हे पौराणिक चित्रपट निर्माणच होऊ शकले नसते. इफेक्ट्सच्या समर्थकांचा हा मुद्दा निर्विवाद आहे.

१२/ पण ट्रिक लपली म्हणून प्रेक्षक हरखला, असे समजणे चूक ठरेल. १९१९ चा ‘कालियामर्दन’ पाहा. बाळकृष्णाच्या भूमिकेत फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी होती. चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी कृष्ण म्हणून दिसत नाही. साध्या रूपात ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते, आणि मग पडद्यावरच तिचे रूपांतर कृष्णात होते.

१३/ म्हणजे फाळक्यांनी प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले: ही एक मुलगी आहे, ती अभिनय करते आहे आणि आता ती कृष्ण होणार आहे. एवढे सांगूनही ती कालियाच्या फण्यावर नाचली तेव्हा लोकांना कृष्णच दिसला. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपटही फाळक्यांनी काढला होता. कारागिरी उघड केल्याने जादू ओसरेल, अशी भीती या जुन्या जादूगाराला वाटली नाही.

१४/ याच काळात कोल्हापूरला बाबूराव पेंटर वेगळ्या वाटेने निघाले होते. त्यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरने ते कापायला लावले. हुबेहूबपणाची एक मर्यादा तिथेच दिसली. दृश्य फार खरे झाले की प्रेक्षक भीमाचा संताप आणि द्रौपदीची विटंबना विसरून रक्तच पाहू लागतो.

१५/ आता येऊ एका विलक्षण योगायोगाकडे. १९३६ आणि १९३७ या लागोपाठच्या वर्षांत दोन चित्रपट आले. एक, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दुसरा, कोल्हापूर सिनेटोनचा ‘गंगावतरण’. दिग्दर्शक खुद्द दादासाहेब फाळके. हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. दोन्ही भक्तीच्या विषयावरचे आणि दोन्हींत चमत्कार होते.

१६/ ‘गंगावतरणा’चा विषयच चमत्काराचा: स्वर्गातून गंगा उतरते आणि शंकराच्या जटांत सामावते. भारतातल्या सर्वांत अनुभवी करामतकाराने, साठी उलटल्यावर, हा विषय हाती घेतला. उलट ‘संत तुकाराम’चा बराचसा वेळ देहूतल्या एका दरिद्री घरात जातो. धान्य संपलेले, मुले भुकेली, म्हैस दारात आणि नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला.

१७/ ‘संत तुकारामा’तही इफेक्ट्स आहेत. इंद्रायणीत बुडालेल्या वह्या देवी वर आणून देते. कीर्तनात शिवरायांना पकडायला शत्रू येतो, तर त्याला जिकडेतिकडे शिवरायच दिसू लागतात. शेवटी वैकुंठाहून विमान येते. आजच्या नजरेला ही विमानाची कारागिरी साधी वाटेल. संगणकावर काम शिकणारा विद्यार्थीही तिच्यात चार दोष काढील.

१८/ तरीही चित्रपटाचा खरा कणा आहे जिजाई, म्हणजे आवली. गौरी या अभिनेत्रीने ती साकारली. मूल आजारी पडल्यावर ही बाई हातात पायताण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात जाते. तुकोबा वैकुंठाला निघतात आणि तिलाही चल म्हणतात, तेव्हा ती संसार सोडून जात नाही. विमान आकाशात चढते तेव्हा प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो तो मागे राहिलेल्या बाईचा. चमत्काराला वजन आले ते तिच्या चुलीमुळे.

१९/ ‘संत तुकाराम’ मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. ‘गंगावतरण’ आज बहुतांशी अभ्यासकांपुरते उरले आहे. या फरकाला कारणे अनेक आहेत: विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम, अभंगांचे संगीत, प्रभातची यंत्रणा आणि बोलपटाने बदललेली अभिरुची. फाळक्यांच्या प्रतिभेला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते: चमत्कार करण्याचे कौशल्य जास्त असले म्हणजे चित्रपटही सरस होतो, असे नाही.

२०/ इथून झाडीपट्टीकडे परत वळू. पडद्यावर रंगवलेला राजवाडा खरा नाही, हे तिथल्या प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. प्रॉम्प्टरचा आवाजही कधी कधी पुढच्या रांगेपर्यंत पोहोचतो. ‘कालियामर्दना’तल्या मंदाकिनीसारखाच हा मंच आधी सांगून टाकतो की हे नाटक आहे. मग सगळा भार नटावर येतो. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोगांत आणि शेकडो भूमिकांत हा भार पेलला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

२१/ झाडीपट्टी भपक्यापासून मुक्त आहे, असा समज मात्र करून घेऊ नये. नाटकाच्या मध्येच येणाऱ्या लावण्या, मुंबईहून बोलावलेले ओळखीचे चेहरे, डोळे दिपवणारे दिवे हे सारे इथेही आहे, आणि त्याने मूळ नाटक पातळ होते अशी टीका इथल्याच जाणकारांकडून होते. म्हणजे ‘इफेक्ट की आशय’ हा वाद वडशाच्या मंचावरही चालतो. फरक फक्त खर्चाच्या आकड्याचा.

२२/ याच जिल्ह्यांतला वाघ दुसरी बाजू दाखवतो. पूर्वी चित्रपटात शिकवलेले वाघ-सिंह वापरत. वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांना खेळासाठी शिकवण्यावर व प्रदर्शित करण्यावर केंद्र सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम ठेवली. आज पडद्यावरचा वाघ बहुधा संगणकातून येतो. कोणत्याही प्राण्याला पिंजरा आणि चाबूक सोसावा लागत नाही. इफेक्ट्समुळे चित्रपट अधिक नैतिक होतो, याचे हे ठोस उदाहरण.

२३/ परंतु ताडोबाच्या परिसरातल्या माणसाला वाघाची भीती कशी भेटते? चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावतात. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करण्याच्या दिवसांत जंगलात जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे. तिथे भीती असते ती ओल्या मातीतल्या पंजाच्या ठशात, अचानक गप्प झालेल्या पाखरांत, परत न आलेल्या शेजारणीत. संगणकाचा वाघ दर प्रसंगी पडदाभर डरकाळी फोडत राहिला, तर त्याचा एकेक केस हुबेहूब असूनही ही भीती हरवते.

२४/ इतिहासप्रेमींसाठी तर प्रश्न आणखी गंभीर आहे. ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटात कोंढाण्यावर ‘नागिन’ नावाची प्रचंड तोफ दिसते. इतिहासाच्या साधनांत अशा तोफेला आधार नाही. पण व्हीएफएक्सने ती इतकी भरीव केली की अनेकांच्या मनात १६७० चा कोंढाणा त्या तोफेसकट बसला. रंगवलेला पडदा ‘असे समजा’ म्हणतो. निर्दोष इफेक्ट ‘असेच होते’ म्हणतो. साधने जिथे मौन बाळगतात, तिथेही तो ठामपणे बोलतो.

२५/ उद्या मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांच्यावर भव्य चित्रपट निघाला तर? १८५८ मध्ये त्यांनी चांदा भागात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी झाली. लोककथांनी त्यांच्याभोवती दैवी शक्तीचे वलय उभे केले आहे. ते वलय संगणकावर सहज चमकवता येईल. मात्र जंगलावरचा हक्क जाताना पाहणारी माणसे, लढ्यात उतरलेले गोंड तरुण आणि मागे राहिलेल्या बायका चित्रपटात नसतील, तर ते वलय कोणाभोवती आहे हेच कळणार नाही. ‘संत तुकारामा’तले विमान चालले, कारण खाली जिजाई होती.

२६/ या चर्चेत खरे पणाला लागले आहे ते इथल्या नव्या पिढीचे धाडस. २०२२ मध्ये तृशांत इंगळे यांनी झाडीपट्टीच्या याच नाट्यसृष्टीवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट केला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांकडे कॅमेरा असलेला मोबाइल आहे, गोष्टी आहेत, बोली आहे. कोटींचे बजेट नाही. भव्य दृश्याशिवाय चित्रपट होतच नाही, हे त्यांनी खरे मानले तर इथल्या कितीतरी गोष्टी सुरू होण्याआधीच संपतील.

२७/ मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? न दिसणारे सत्य दाखवताना, वाटाण्याच्या अंकुरासारखे, इफेक्ट चित्रपटाला समृद्ध करतो. जिवंत प्राण्याची यातना वाचवताना तो चित्रपटाला स्वच्छ करतो. पुराणातला अशक्य प्रसंग उभा करताना तो चित्रपट शक्य करतो. पण तिथून पुढे चित्रपट चांगला होण्यासाठी त्या प्रसंगात कोणाचे तरी काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. ते देणे संगणकाच्या हाती नाही, आणि १९१९ च्या कॅमेऱ्याच्याही नव्हते.

२८/ पुढच्या वेळी एखादे दृश्य पाहून तोंडात बोट जाईल, तेव्हा एक साधी कसोटी लावून पाहा. तेच दृश्य वडशाच्या एखाद्या कंपनीने रंगवलेल्या पडद्यासमोर, दोन नट आणि एक ऑर्गन एवढ्यावर केले, तर पहाटे तीन वाजता समोरची माणसे जागी राहतील का? राहणार असतील, तर त्या दृश्याला इफेक्ट्सची जोड खुशाल द्यावी.